मुक्तिबोधांच्या घरातली भिंत: अभ्यास मंडळांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या मराठी आणि हिंदी अभ्यास मंडळांचे सन्माननीय सदस्य

स. न. वि. वि.

बी.ए.ला असताना आमच्या वेळापत्रकात सोमवारी पहिला तास हिंदीचा असायचा आणि तिसरा मराठीचा. पहिल्या तासाला सर मुक्तिबोध शिकवायचे, तिसऱ्या तासाला मॅडमही मुक्तिबोधच शिकवायच्या. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलंच, "मॅडम, हे तेच का?" मॅडम म्हणाल्या, "नाही गं, ते हिंदीतले," आणि मुद्दे उतरवून घ्यायला सांगितलं. आम्ही उतरवून घेतले. परीक्षेत दोन्हीकडे बरे गुण पडले. हिंदीतले कवी गजानन माधव मुक्तिबोध आणि मराठीतले कवी-समीक्षक शरच्चंद्र मुक्तिबोध हे सख्खे भाऊ, हे मला पदवी मिळाल्यावर तीन वर्षांनी कळलं. तेही कुठल्या पुस्तकातून नाही. बँकेनं माझी राजनांदगावला बदली केली, तेव्हा गोंदियाच्या पुढे समोरच्या बाकावर बसलेल्या एका निवृत्त मास्तरांनी सांगितलं.

मॅडमवर माझा राग नाही. त्या मन लावून शिकवायच्या, सरही. चूक त्या तासांच्या मधे उभ्या केलेल्या भिंतीची आहे आणि ती भिंत तुमच्या हातात आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार सध्या सगळीकडे अभ्यासक्रम नव्यानं बांधले जाताहेत. मेजर, मायनर, क्रेडिट यांची जुळवाजुळव चालली आहे. एरवी दहा-दहा वर्षं न हलणारी टेबलं या निमित्तानं हलली आहेत, म्हणून हे पत्र आत्ता लिहितो आहे.

माझी मागणी एवढीच आहे, की दोन्ही मुक्तिबोधांची मिळून एक अभ्यासपत्रिका तयार करा. ती मराठीच्या विद्यार्थ्याला घेता यावी आणि हिंदीच्याही. शिकवायला दोन्ही विभागांतले प्राध्यापक एकाच वर्गात यावेत.

आता ही मागणी भावकीच्या प्रेमापोटी नाही, हे सांगायला थोडा वेळ घेतो.

हे घराणं मूळचं जळगावकडचं. पणजोबांच्या पिढीत ग्वाल्हेर संस्थानात गेलं आणि तिकडचंच झालं. १३ नोव्हेंबर १९१७ ला श्योपूरला गजाननचा जन्म झाला. वडील माधवराव पोलीस खात्यात. त्यांच्या बदल्यांबरोबर बिऱ्हाड फिरत राहिलं आणि उज्जैनला टेकलं. घरात मराठी, शाळेत आणि गल्लीत हिंदी. आई बुंदेलखंडातल्या ईसागढची, हिंदी वळणाच्या घरातली. मुक्तिबोधांनी पुढे लिहून ठेवलं आहे, की प्रेमचंदांचा भक्त मला आईनं केलं. तीच आई हरिभाऊ आपट्यांच्याही कादंबऱ्या वाचायची. म्हणजे तुम्ही आज ज्या दोन कपाटांना वेगवेगळी कुलुपं लावता, ती त्या बाईच्या एकाच फळीवर होती. थोरला हिंदीत लिहिता झाला. तीन वर्षांनी धाकटे शरच्चंद्र मराठीत.

हिंदी कवी अज्ञेयांनी १९४३ मध्ये काढलेल्या 'तार सप्तक' या कवितासंकलनापासून हिंदीतल्या नव्या कवितेचा हिशेब मांडतात. त्यात सात कवी, पहिलेच मुक्तिबोध. आणखी एक प्रभाकर माचवे. सातांतले दोघे मराठी घरांतले! त्याआधी माधवराव सप्रे आणि बाबूराव विष्णु पराडकर यांनी हिंदी पत्रकारिता उभी केलीच होती. आपल्याकडे ही नावं निघाली, की लगेच 'हिंदीला मराठी माणसानं घडवलं' अशी छाती फुगते. मला त्या फुग्यात रस नाही. मला विचारायचं आहे ते वेगळं. एका भाषेत वाढलेला माणूस दुसऱ्या भाषेत लिहितो, तेव्हा पहिली भाषा जाते कुठे?

याचं उत्तर मुक्तिबोधांच्या 'ब्रह्मराक्षस' या कवितेत मला सापडलं, तेव्हा मी जागेवरून उठलो होतो.

शहराबाहेर एक पडकी बारव आहे. हिंदीत बावडी. खोल, थंड, काळं पाणी. त्यात एक ब्रह्मराक्षस राहतो आणि रात्रंदिवस अंग घासत असतो. मळ काही जात नाही. तो मंत्र म्हणतो, शिव्या देतो, जगातल्या सगळ्या तत्त्वज्ञांचं पुन्हा पुन्हा विवरण करतो. जिथून तिथून ज्ञान गोळा केलेला आणि ते कुणाला देता न आलेला हा प्राणी. कवितेच्या शेवटी कवी म्हणतो, की मला याचा शिष्य व्हायचं आहे, काळीज ओलं असलेला शिष्य, म्हणजे याचं अर्धं राहिलेलं काम शेवटाला नेता येईल.

हिंदीच्या वर्गात सर थांबत थांबत सांगायचे, की ब्रह्मराक्षस म्हणजे ज्ञानी ब्राह्मणाचं भूत, ही लोकसमजूत आहे. हिंदीभाषक मुलं लिहून घेत होती. आम्हां मराठी मुलांना काय लिहून घ्यायचं होतं? आमच्या आज्या ब्रह्मसमंधाच्या धाकानं आम्हांला तिन्हीसांजेला पिंपळाखाली जाऊ देत नव्हत्या. वासना राहिली, विद्या द्यायची राहिली, की समंध होतो. ज्ञान न वाटल्याचं पाप म्हणजे काय, हे आम्हांला तळटीप न लावता कळत होतं.

आणि मग त्या बारवेभोवतीची झाडं. फांद्यांची गुंतवळ झाली आहे आणि औदुंबर मुके उभे आहेत. शब्द 'औदुंबर'च आहे. हिंदीत रोजच्या बोलण्यात या झाडाला गूलर म्हणतात. सरांनी फळ्यावर लिहिलं, 'औदुम्बर = गूलर'. आमच्या होस्टेलच्या मागे उंबर होता, त्याच्या फळांनी सायकलचं सीट रोज बरबटायचं. औदुंबर म्हटल्यावर आम्हांला दत्त आठवतो, नरसोबाची वाडी आठवते, आणि पाण्यात पाय टाकून बसलेला बालकवींचा तो औदुंबर आठवतो. आता बालकवींची ती काळिमा आणि मुक्तिबोधांच्या बारवेचं काळं पाणी शेजारी ठेवून बघा. बालकवी धरणगावचे, म्हणजे याच जळगावकडच्या मातीतले. मी यातून प्रभाव वगैरे सिद्ध करत नाही. तो प्रबंधवाल्यांचा धंदा. मी एवढंच म्हणतो, की ही ओळ वाचताना मराठी वाचकाच्या मनात जे हलतं, ते 'गूलर' लिहून घेणाऱ्याच्या मनात हलणार नाही. त्याच बारवेच्या कडेला लाल फुलांची 'कन्हेर' आहे. हिंदीत कनेर. त्या 'न्ह'मध्ये घरातली कण्हेर तशीच राहिली आहे. पहिली भाषा जाते कुठे, या प्रश्नाचं हे उत्तर. ती झाडाझुडपांत जाऊन बसते.

हे तुमच्या हिंदीच्या वर्गात कुणी सांगत नाही, कारण सांगणारा मराठीच्या खोलीत बसलेला असतो.

नागपूरबद्दल. १९४८ ते १९५८ ही दहा वर्षं मुक्तिबोध नागपुरात होते. १९५६ पर्यंत नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी. राज्यकारभार मराठीतही आणि हिंदीतही. सरकारच्या माहिती खात्यात नोकरी, मग आकाशवाणी, मग 'नया खून' या साप्ताहिकाचं काम. मधेच संसार ओढता ओढता नागपूर विद्यापीठाची हिंदीची एम.ए. पदरात पाडून घेतली. पस्तिशी उलटलेली होती. पत्रकारितेत 'यौगंधरायण' असं टोपणनाव घेऊन लिहायचे. उज्जैनच्या कैदेतून उदयन राजाला सोडवणारा तो प्रधान. उज्जैनच्या माणसाला शोभणारी थट्टा आहे. बिडी, चहा, कर्ज, घरभाडं, रात्रीची लांब पायपीट. त्यांचा बिडी ओढतानाचा तो फोटो आज पोस्टरवर असतो. त्या फोटोतल्या माणसाच्या खिशात तेव्हा किती पैसे होते, हे पोस्टर सांगत नाही.

नागपूरच्या एम्प्रेस मिलच्या मजुरांवर गोळी चालली, तेव्हा मुक्तिबोध बातमीदार म्हणून तिथे हजर होते, असं हिंदी कवी शमशेर बहादुर सिंह यांनी लिहिलं आहे. 'अंधेरे में' ही त्यांची आठ भागांची दीर्घ कविता वाचताना हे ध्यानात ठेवावं लागतं. मध्यरात्री एक मिरवणूक निघते. बँड, संगिनी, रणगाडे. तोंडं दिसायला लागतात तशी ओळखीची निघतात. नावाजलेले समीक्षक, कवी, मंत्री, उद्योगपती, विद्वान. आणि त्यांच्याच रांगेत शहरातला बदनाम खुनी, डोमाजी उस्ताद.

डोमाजी! दिल्लीच्या किंवा अलाहाबादच्या वाचकाला हे नाव नुसतंच वेगळं वाटत असेल. विदर्भातल्या कुणालाही विचारा. हा माणूस महालातल्या नाहीतर इतवारीतल्या एखाद्या आखाड्याचा आहे, हे पत्ता न विचारता सांगता येतं. याच कवितेत टिळकांचा दगडी पुतळा येतो आणि त्याच्या नाकातून रक्त वाहतं. पुढे अंधारात गोणपाट पांघरून गांधी भेटतात. त्यांच्याकडचं लहान मूल कवीच्या खांद्यावर येतं, मग त्या मुलाचा सूर्यफुलांचा गुच्छ होतो, मग त्या गुच्छाची बंदूक. हिंदी समीक्षेनं या प्रतिमांवर पानंच्या पानं लिहिली, आणि चांगली लिहिली. पण टिळकांच्या नाकातून रक्त वाहताना बघणारा हा माणूस मराठी घरातला आहे, आणि त्या घरात टिळक हे नुसते इतिहासाच्या पुस्तकातले पुढारी नव्हते. हे बोलायला मराठीचा प्राध्यापक लागतो.

या कवितेतली 'अभिव्यक्तीचे सगळे धोके आता पत्करावेच लागतील' ही ओळ मोर्च्यांतल्या फलकांवर दिसते. दिसू दे. पण त्याच कवितेत एक वेडा स्वतःच्या आदर्शवादी मनाची गचांडी धरून विचारतो, की आजवर केलंस काय, जगलास कसा? तो प्रश्न मला अजून एकाही फलकावर दिसलेला नाही.

शरच्चंद्रांकडे वळतो. 'नवी मळवाट' हा त्यांचा संग्रह १९४९ चा. खरं सांगायचं तर त्यातल्या काही कवितांचा आवाज मला आज चढा वाटतो. समीक्षक म्हणून मात्र ते फार मोठे. कलाकृतीचं सौंदर्य एकीकडे आणि माणसाचं जगणं दुसरीकडे अशी फाळणी त्यांनी मान्य केली नाही. 'मानुषता' हा शब्द त्यांनी मराठी समीक्षेत आणून ठेवला. 'सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य' या ग्रंथाला १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. थोरल्याला तो कधीच मिळाला नाही.

आता थोरल्याचा 'तीसरा क्षण' हा निबंध घ्या. मुक्तिबोध म्हणतात, कलेचे तीन क्षण असतात. पहिला, जगण्यातला उत्कट अनुभव. दुसरा, तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटून एक फँटसी होतो, जणू डोळ्यांसमोर उभा राहतो. तिसरा, त्या फँटसीला शब्द देण्याची खटपट, आणि या खटपटीत फँटसी पुन्हा बदलत जाते. आपल्या मराठीच्या एम.ए.त सौंदर्यशास्त्राची पत्रिका असते. त्यात मर्ढेकरांचा लयसिद्धांत असतो, सर्जनप्रक्रिया असते. मर्ढेकर सौंदर्य शोधताना रचनेच्या लयीपाशी जातात. मुक्तिबोध त्याच सुमारास, शेजारच्या भाषेत, विचारताहेत की रचना सुरू व्हायच्या आधी माणसाचं काय झालं होतं. दोघांनीही आकाशवाणीत चाकरी केली, हा आपला योगायोग. आणि या दोन टोकांच्या मधे धाकटे मुक्तिबोध उभे आहेत, मराठीत, मर्ढेकरांच्या पुढच्या पिढीचे. हा वाद तीन कोनांचा आहे. तुम्ही विद्यार्थ्यांना त्याची दोनच टोकं दाखवता.

मध्ययुगीन भक्ती आंदोलनावर मुक्तिबोधांनी १९५५ मध्ये लिहिलेला निबंध तर मराठी विभागात आधी शिकवायला हवा. खालच्या जातींतून उसळलेल्या या चळवळीची धार पुढे बोथट कशी झाली, वरच्या वर्गानं ती आपल्यात कशी मुरवून घेतली, असा त्यांचा प्रश्न आहे. तो मांडताना ते महाराष्ट्रातल्या संतांचा दाखला घेतात. वारकरी संप्रदायावर आपल्याकडे इतकं लिहिलं जातं, पण मुक्तिबोधांशी भांडण काढून लिहिलेलं फारसं वाचल्याचं मला आठवत नाही. भांडावं असं त्यात बरंच आहे. त्यांचे वर्गवार कप्पे मला जरा जास्तच नेटके वाटतात. वारीतला माणूस इतका नेटका नसतो.

तुमच्या कामाशी थेट संबंध असलेली आणखी एक गोष्ट. १९५८ मध्ये ते राजनांदगावच्या दिग्विजय कॉलेजात प्राध्यापक झाले. आयुष्यात पहिल्यांदा जरा टेकायला जागा मिळाली. तिथे त्यांनी 'भारत: इतिहास और संस्कृति' हे पाठ्यपुस्तक लिहिलं. मंजूर झालं, शाळांत लागलं, आणि सप्टेंबर १९६२ मध्ये मध्य प्रदेश सरकारनं त्यावर बंदी घातली. निदर्शनं झाली, प्रकरण हायकोर्टात गेलं. कवितेसाठी आयुष्यभर धोके पत्करायची भाषा करणाऱ्या माणसाला शेवटी घाव बसला तो मुलांसाठी लिहिलेल्या इतिहासाच्या क्रमिक पुस्तकापायी. पुस्तक नेमणं आणि पुस्तक काढणं, दोन्ही किती सहज होतं, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? फेब्रुवारी १९६४ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. आधी भोपाळ, मग मित्रांच्या धडपडीनंतर दिल्लीचं एम्स. ११ सप्टेंबर १९६४ ला, बराच काळ बेशुद्धीत राहून, ते गेले. वय ४६. 'चाँद का मुँह टेढ़ा है' हा पहिला कवितासंग्रह त्यानंतर निघाला. स्वतःचा एकही संग्रह त्यांनी हातात धरला नाही.

बैठकीत कोणते आक्षेप निघतील, याची मला कल्पना आहे. पहिला, हिंदीचं काम हिंदीवाले करतीलच. करताहेत, त्यांना अर्धंच दिसतं एवढंच. दुसरा, अनुवाद कुठे आहेत? अहो, लिपी एकच आहे. एम.ए.चा मराठी विद्यार्थी हिंदी सिनेमा, हिंदी बातम्या, हिंदी गाणी दिवसभर ऐकतो आणि हिंदी कविता समोर आली, की त्याला अनुवाद कशाला लागतो? शब्द अडेल तिथे शेजारचा हिंदीचा मुलगा सांगेल. आणि औदुंबरापाशी तो अडला, की हा त्याला सांगेल. तिसरा आक्षेप खरा आहे. मुक्तिबोध अवघड आहेत. लांबण लावतात. तीच गुहा, तोच जिना, तीच बारव पुन्हा पुन्हा येते. एक कविता वर्षानुवर्षं खरडत बसायचे, आणि ते कधी कधी दिसतं. मी स्वतः 'अंधेरे में' दोनदा अर्ध्यावर सोडली होती. पण अवघड कवी वर्गात नाही वाचायचा, तर कुठे? सोपे कवी आम्ही बँकेच्या काउंटरवर बसूनही वाचतो.

एक विनंती आधीच करून ठेवतो. या पत्राच्या निमित्तानं कुणी पुतळा, तैलचित्र, सभागृहाला नाव असलं काही सुचवलं, तर कृपा करून हाणून पाडा. थोरल्यांची जन्मशताब्दी २०१७ मध्ये होऊन गेली, धाकट्यांची २०२१ मध्ये. हारांचं काय होतं, ते दुसऱ्या दिवशी सकाळी झाडूवाल्या मावशींना विचारा. परीक्षेत 'टिपा लिहा: मुक्तिबोध बंधू' असा पाच गुणांचा प्रश्नही नको. विद्यार्थ्याला दोन्ही पुस्तकं उघडी ठेवून उत्तर लिहू द्या.

राजनांदगावला मी तीन वर्षं होतो. मुक्तिबोध राहायचे ती जागा कॉलेजला लागून, जुन्या राजवाड्याच्या आवारात. एका बाजूला राणीसागर, दुसऱ्या बाजूला बूढ़ासागर. दोन तलावांच्या मधे हे घर. तिथला चक्री जिना मी पहिल्यांदा चढलो, तेव्हा मधे थांबलो. पाय पुढची पायरी शोधत असतो आणि वळण आधी येतं. त्यांच्या कवितेत असा जिना किती वेळा येतो! मला तो कल्पनेतला वाटायचा. घरात रोज पाणी, दूध, पोरं, पाहुणे याच जिन्यानं वर जात असणार. वरच्या खिडकीतून संध्याकाळी तलावाचं पाणी काळं होताना दिसतं, आणि माणसाला ब्रह्मराक्षसासाठी फार लांब जावं लागत नव्हतं, हे कळतं.

त्या तीन वर्षांत 'चाँद का मुँह टेढ़ा है'ची एक जुनी प्रत मी तिथेच विकत घेतली. बांधणी सुटली आहे. समासात माझ्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, अडलेल्या हिंदी शब्दांचे मराठी अर्थ. सुरुवातीच्या पानांत दाट आहेत, पुढे विरळ होत जातात. शरच्चंद्रांच्या पुस्तकांसाठी मला नागपुरात तीन ग्रंथालयं फिरावी लागली. शेवटी एक मिळालं, त्याच्या शेवटच्या पानावरच्या चिठ्ठीत परतीचा शिक्का एकच होता.

तुमच्या पुढच्या बैठकीची तारीख कळवलीत, तर दोन्ही पुस्तकं घेऊन मी बाहेर व्हरांड्यात थांबेन. मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी नातीला शाळेतून आणायची असते, ते दिवस सोडून कधीही.

कळावे,
आपला,
एक माजी विद्यार्थी
नागपूर